वाचकाने वाचकास सांगावे

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि अनेक वर्षांची मागणी पूर्णत्वास गेली. पाठोपाठ फेब्रुवारी २०२५ मध्ये देशाच्या राजधानीत ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. मराठी माणसाला आनंद आणि अभिमान वाटावा अशाच या घटना होत्या. तथापि, अभिमानाचे क्षण सरल्यावर एक साधा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर कोणत्याही मंत्रिमंडळाला देता येत नाही. मराठी पुस्तक आज कोणाच्या हातात आहे? आणि ते वाचून झाल्यावर वाचणारा त्याविषयी कोणाशी काही बोलतो का?

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या आठ कोटी तीस लाखांच्या घरात होती. एवढ्या मोठ्या भाषिक समाजात हजार प्रतींची आवृत्ती ही मराठी प्रकाशनव्यवसायातील सर्वसाधारण रीत होती आणि आता तर काहीशे प्रती छापून अंदाज घेण्याकडे प्रकाशकांचा कल दिसतो. याची कारणे सांगताना दूरदर्शन वाहिन्या, मोबाइल, इंग्रजी माध्यमाच्या शाळा, पुस्तकांच्या वाढत्या किमती आणि तालुक्याच्या गावी पुस्तकाचे दुकानच नसणे यांची यादी नेहमी दिली जाते. ती चुकीची नाही. पण या यादीत सहसा न येणारे एक कारण आहे. वाचलेले दुसऱ्याला सांगण्याची जी सवय मराठी घरांत, वाड्यांत, कचेऱ्यांत आणि वाचनालयांत सहजपणे नांदत होती, ती क्षीण झाली आहे. पुस्तक विकत घेणारा आजही आहे, वाचणाराही आहे. मात्र वाचून झाल्यावर ‘हे तुम्ही वाचलेच पाहिजे’ असे म्हणत शेजाऱ्याच्या हाती पुस्तक देणारा विरळा झाला आहे.

पुस्तक वाचकापर्यंत कसे पोहोचते, याचा कधी बारकाईने विचार केला तर जाहिरात, पुरस्कार, वर्तमानपत्रातील परीक्षण या सर्वांपेक्षा एका माणसाने दुसऱ्या माणसाला केलेली शिफारस अधिक प्रभावी ठरते, असे ध्यानात येते. कारण शिफारस करणारा वाचकाला ओळखत असतो. त्याची आवड, त्याची कुवत, त्याच्या मनातले त्या वेळचे प्रश्न त्याला ठाऊक असतात. भारतातील ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धान्त मांडले, त्यांतील दोन सिद्धान्तांचा आशय असा की, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वरवर पाहता हे एकच वाक्य उलटसुलट लिहिल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्यात दोन वेगळी कर्तव्ये आहेत. पहिल्यात वाचकाची गरज ओळखावी लागते. दुसऱ्यात कपाटात धूळ खात पडलेल्या चांगल्या पुस्तकासाठी माणूस शोधावा लागतो. ही दोन्ही कामे ग्रंथपालाची आहेत हे खरे, पण ज्या समाजात प्रत्येक जाणता वाचक ती आपली मानतो, त्या समाजात ग्रंथव्यवहार फुलतो.

योग्य वेळी योग्य हाती दिलेल्या एका पुस्तकाने काय घडते, याचे महाराष्ट्रातील एक उदाहरण सर्वांना ठाऊक असावे असे आहे. मुंबईतील शिक्षक आणि ग्रंथकार कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांची बागेत वाचत बसणाऱ्या एका विद्यार्थ्याशी ओळख झाली. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे त्या मुलाच्या परीक्षेतील यशाबद्दल झालेल्या सत्कारसभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. या पुस्तकाचा आपल्या मनावर खोल परिणाम झाल्याचे डॉ. आंबेडकरांनी अखेरच्या काळात स्वतःच नमूद करून ठेवले आहे. केळुसकर एवढ्यावर थांबले नाहीत. पुढील शिक्षणासाठी त्यांनीच या तरुणाची गाठ सयाजीराव महाराजांशी घालून दिली. पुस्तक देणारा माणूस पुस्तक घेणाऱ्याची जबाबदारीही आपली मानत होता, हे या घटनेतील मर्म आहे. केळुसकरांच्या हातून त्या दिवशी दुसरे कोणतेही पुस्तक देता आले असते. त्यांनी त्या मुलाकडे पाहून, त्याच्या जिज्ञासेला पेलेल आणि पुरेल असे पुस्तक निवडले. आज सत्कारात शाल, श्रीफळ आणि कोणी तरी गठ्ठ्याने घेऊन ठेवलेले एखादे पुस्तक दिले जाते, तेव्हा त्या निवडीमागे असा काही विचार असतो का?

केळुसकरांच्या ज्या बुद्धचरित्राचा येथे उल्लेख झाला, ते बडोदे संस्थानच्या ग्रंथमालेसाठी लिहिलेले होते, हा योगायोग नव्हे. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि शिकलेला माणूस पुन्हा निरक्षर होऊ नये म्हणून ग्रंथालयांचे जाळे विणले. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून प्रभावित झालेल्या महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि पेट्यांतून पुस्तके पाठविणारी फिरती ग्रंथालये अशी ही योजना होती. राजाने पुस्तके विकत घेऊन दिली, ती गावात पोहोचविण्याची व्यवस्थाही केली. पण पेटी उघडल्यावर कोणते पुस्तक कोणाला द्यावे, हे ठरविणारा गावातला शिक्षक किंवा जाणता गृहस्थ नसता तर त्या पेट्या न उघडता परत गेल्या असत्या.

महाराष्ट्रात राजाश्रयाची वाट न पाहता लोकांनीच वाचनालये काढली. रत्नागिरीचे १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे आणि बेळगावचे १८४८ चे, ठाण्याचे १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे, अशी ही परंपरा आहे. यांपैकी काहींची सुरुवात इंग्रज अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने झाली असली तरी त्यांना वाढविले, जगविले ते स्थानिक वर्गणीदारांनी. या वाचनालयांच्या देवघेव काउंटरवर जे संवाद चालत, त्यांची नोंद कोणत्याही इतिवृत्तात नाही. ‘मागच्या वेळी नेलेले कसे वाटले?’ या ग्रंथपालाच्या एका प्रश्नातून कितीतरी वाचक घडले. पुस्तक परत करताना मागे उभ्या असलेल्या सभासदाला ‘दुसरा भाग पहिल्याइतका उतरलेला नाही’ असे सांगणारा निवृत्त शिक्षक हा त्या गावचा बिनपगारी समीक्षक असे.

हीच गोष्ट दिवाळी अंकांची. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी मध्यमवर्गाला वर्षातून एकदा वाचनाचा सण मिळाला. चाळीतल्या पाच बिऱ्हाडांनी पाच वेगवेगळे अंक घ्यायचे आणि आळीपाळीने वाचायचे, ही काटकसर होतीच, पण तिच्या पोटात एक मोठी सोय दडलेली होती. एकच कथा पाच घरांत वाचली जाई आणि मग पाणी भरताना, गॅलरीत कपडे वाळत घालताना, लोकलच्या डब्यात तिच्यावर मते व्यक्त होत. ज्याला कथा आवडली नाही तोही ठासून बोले. मतभेदातून वाचन धारदार होत असे.

पुस्तकांच्या जगाची वार्ता वाचकांपर्यंत नेण्यासाठी केशवराव कोठावळे यांनी १९६४ साली ‘ललित’ मासिक सुरू केले. त्यातील ‘ठणठणपाळ’ या नावाने जयवंत दळवी लेखकांच्या टोप्या उडवीत आणि वाचक ते चवीने वाचत. त्याच काळात धारवाडात इंग्रजी शिकविणारे जी. ए. कुलकर्णी आपल्या मोजक्या सुहृदांना दीर्घ पत्रे लिहीत होते. सभासंमेलनांपासून दूर राहणाऱ्या या लेखकाची पत्रे पुढे ग्रंथरूपाने आली. त्यांना सुनीता देशपांडे यांनी लिहिलेली पत्रेही ‘प्रिय जी. ए.’ या नावाने २००३ साली प्रसिद्ध झाली. या पत्रव्यवहारात वाचलेल्या पुस्तकांविषयी जे मनमोकळे बोलणे आहे, त्यात भिडस्तपणा नाही आणि पांडित्याचे प्रदर्शनही नाही. दोन माणसे पुस्तकाच्या निमित्ताने एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, याचा तो वस्तुपाठ आहे. टपालाने पत्र जायला दोन-चार दिवस लागत. उत्तरासाठी आठवडा थांबावे लागे. त्या अवधीत वाचलेले मनात मुरत असे, हा त्या मंद गतीचा लाभच म्हणावा लागेल.

वाचकांच्या परस्परसंवादाने समाजाच्या दृष्टीचा विस्तार कसा होतो, हे १९७० च्या दशकात ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने दाखवून दिले. वाचकांनाच सभासद करून घेऊन त्यांच्या बळावर पुस्तके काढायची, ती स्वस्तात पोहोचवायची आणि त्यांच्यावर गावोगाव चर्चा घडवायची, असा तो प्रयोग होता. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली ग्रंथालीने प्रकाशित केले. ज्या घरांना गावकुसाबाहेरच्या जीवनाची कल्पनाही नव्हती, त्या घरांत ते पोहोचले. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या लोकप्रिय लेखकाने त्याविषयी मनापासून लिहिले. हे पुस्तक वाचून अनेक सुखवस्तू वाचक अस्वस्थ झाले असतील, काहींना राग आला असेल, काहींना अपराधी वाटले असेल. पण वाचलेले त्यांनी मनात ठेवले नाही, दुसऱ्याला सांगितले. समाजातील एका घटकाचे दुःख दुसऱ्या घटकाच्या दिवाणखान्यात बोलले जाऊ लागले, ही लहान गोष्ट नव्हती. समरसतेची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने या घटनेकडे आदराने पाहावयास हवे.

या पार्श्वभूमीवर आजचे चित्र काय आहे? साधनांची वानवा नाही. मोबाइलवरून क्षणार्धात शंभर जणांना पुस्तकाविषयी कळविता येते. पुण्यातील वाचक, पणजीतील वाचक आणि दुबईतील वाचक एकाच दिवशी एकाच पुस्तकावर बोलू शकतात. कोणे एके काळी परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबाला सुट्टीत येऊन बॅगेत मावतील तेवढीच पुस्तके नेता येत. आज ती अडचण बरीच दूर झाली आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ साली सुरू केलेला ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम तर जुन्या फिरत्या पेटीचीच नवी आवृत्ती आहे. पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे द्यायची, त्यांनी ती आपसात वाचायची आणि ठराविक काळाने पेट्यांची अदलाबदल करायची, ही त्याची साधी रचना. देणगीदारांच्या मदतीने ही पेटी महाराष्ट्रातील शहरांत, रुग्णालयांत, कारागृहांत आणि परदेशांतील मराठी घरांत जाऊन पोहोचली. साताऱ्यातील भिलार येथे ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ साकारले आणि स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या गावातील घरांचे दरवाजे वाचकांसाठी उघडले. म्हणजे इच्छा असली तर मार्ग निघतो, हे सिद्ध झालेले आहे.

असे असूनही साधनांच्या या विपुलतेत वाचनसंवादाला काही रोग जडले आहेत. त्यांची स्पष्ट चर्चा झाली पाहिजे.

पहिला रोग न वाचता सांगण्याचा. कोणी तरी लिहिलेला पुस्तकपरिचय मूळ लेखकाचे नावही गाळून पुढे पाठविला जातो. पाठविणाऱ्याने पुस्तक पाहिलेले नसते आणि ज्याला मिळतो तोही पुस्तकाकडे न वळता तो परिचय आणखी दहा जणांना पाठवितो. एखाद्या थोर लेखकाच्या नावावर त्याने कधीही न लिहिलेली वाक्ये खपविली जातात आणि सुशिक्षित माणसे ती डोळे झाकून पसरवितात. आता यंत्राकडून सारांश काढून घेण्याची सोय झाल्याने चारशे पानांचे पुस्तक चार परिच्छेदांत ‘वाचून’ त्यावर अभिप्राय देणेही शक्य झाले आहे. सारांशाने माहिती मिळते. पण पुस्तक वाचताना मध्येच थांबावे लागणे, एखाद्या पानावर अडणे, लेखकाशी मनातल्या मनात भांडणे हे सारे त्यातून वगळले जाते. ज्याने ते भोगलेले नाही, त्याच्या शिफारशीला किंमत ती काय?

दुसरा रोग स्तुतीचा. लेखक परिचित आहे, प्रकाशक स्नेही आहे, पुस्तक आपल्या विचारांचे आहे, म्हणून ते ‘संग्राह्य’, ‘वाचनीय’ आणि ‘प्रत्येकाच्या घरी असावे असे’ ठरते. ही तीन विशेषणे मराठीत इतकी झिजली आहेत की, त्यांतून आता काहीच अर्थबोध होत नाही. दहा पुस्तकांची सारखीच स्तुती करणाऱ्याच्या अकराव्या शिफारशीवर कोणी विश्वास ठेवीत नाही. यात सर्वांत मोठी हानी होते ती खरोखर चांगल्या लिहिणाऱ्याची, कारण त्याचे पुस्तक सामान्य पुस्तकांच्या त्याच रांगेत उभे केले जाते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली आणि मराठी ग्रंथांना चोख कसोटी लावली. त्यांची काही मते आज पटणार नाहीत, काही त्या काळीही अनेकांना पटली नव्हती. पण भाषेवर प्रेम करणाऱ्याने तिच्यातील उणे झाकून ठेवू नये, हा धडा त्यांनी घालून दिला. मराठीच्या हितचिंतकांनी तो विसरता कामा नये.

तिसरा रोग अधिक सूक्ष्म आहे. आपल्याला आधीच मान्य असलेले जे सांगते तेवढेच वाचायचे आणि तेवढेच सांगायचे, अशी वृत्ती सर्वच वैचारिक वर्तुळांत बळावली आहे. डावे डाव्यांचे वाचतात, उजवे उजव्यांचे. ज्याच्याशी मतभेद आहे त्याचे पुस्तक न वाचताच त्याविषयीचे मत तयार असते. ज्ञानाच्या क्षेत्रात पूर्वपक्ष नीट मांडल्याखेरीज उत्तरपक्षाला उभे राहता येत नाही, ही भारतीय शास्त्रचर्चेची रीत. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडायचे आणि मग त्याचे खंडन करायचे, हा त्या परंपरेचा दंडक होता. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच तो मोडावा, हे शोभणारे नाही. विरोधी मताचे पुस्तक वाचून ‘येथे लेखकाचे म्हणणे चूक आहे, पण हे एक प्रकरण विचार करायला लावते’ असे सांगणारा कार्यकर्ता वैचारिकदृष्ट्या दुबळा नसतो. त्याचे पाय पक्के असतात म्हणूनच तो असे म्हणू शकतो.

चौथा रोग नैतिक आहे आणि तो सुशिक्षितांच्या घरांत शिरला आहे. पुस्तकाची शिफारस करता करता अख्खे पुस्तकच पानापानाचे छायाचित्र काढून मोबाइलवरून वाटले जाते. पाठविणाऱ्याला वाटते, आपण वाचनप्रसाराचे पुण्यकार्य करीत आहोत. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या लेखनावर त्याच्या वारसांचा हक्क असतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. त्यांनी आपल्या हयातीत प्रसिद्ध केलेली पुस्तके आज सर्वांसाठी खुली आहेत आणि ती जरूर वाटावीत. पण ज्या लेखकाचे पुस्तक गेल्या वर्षी निघाले, ज्या प्रकाशकाने कागद, छपाई आणि बांधणीचे पैसे गुंतविले, त्याचे पुस्तक फुकट वाटणे म्हणजे पुढचे पुस्तक निघू न देणे होय. काहीशे प्रतींच्या आवृत्तीतील पन्नास प्रती अशा वाटपामुळे पडून राहिल्या तर दुसरी आवृत्ती निघत नाही. दोनशे रुपयांचे पुस्तक महाग वाटणारी माणसे तेवढ्याच पैशांत हॉटेलातील एक न्याहारी विनातक्रार घेतात. ज्याला खरोखर परवडत नाही त्याच्यासाठी वाचनालय आहे आणि शेजाऱ्याच्या कपाटातली प्रतही आहे.

संघटनात्मक कामात असलेल्यांनी तर या विषयाचा अधिक आस्थेने विचार केला पाहिजे. कार्यक्रमाच्या ठिकाणी साहित्यविक्रीचे टेबल असते, प्रकाशनपूर्व सवलतीच्या पावत्या फाडल्या जातात, उद्दिष्ट ठरते आणि ते पूर्णही होते. पुस्तक घरी येते, कपाटात विराजमान होते. विक्रीचा आकडा बैठकीत सांगितला जातो, पण त्या पुस्तकातील काय पटले आणि काय अपुरे वाटले, याची विचारणा किती बैठकांत होते? प्रवासात मुक्कामाला गेलेल्या कार्यकर्त्याने त्या घरातील कपाटाकडे पाहून ‘यातले हे कसे आहे?’ असे विचारावे आणि यजमानाने ‘अजून उघडले नाही’ असे ओशाळून सांगावे, हा अनुभव नवा नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी न उघडलेले पुस्तक मुले उघडतील, ही अपेक्षा मग कशाच्या आधारावर करायची? अंदमानच्या काळकोठडीत स्वातंत्र्यवीर सावरकर आणि त्यांच्या सहबंद्यांनी निरक्षर कैद्यांना अक्षरओळख करून दिली, पुस्तके जमवून ग्रंथसंग्रह उभा केला आणि त्यासाठी कारागृहाच्या अधिकाऱ्यांशी झगडा केला. जेथे कोलू ओढावा लागत होता तेथे वाचन आणि चर्चा घडू शकली. पंख्याखाली बसलेल्यांना वेळ मिळत नाही, ही सबब त्या स्मरणापुढे टिकणारी नाही.

मग पुस्तक सांगावे कसे? यासाठी समीक्षक असण्याची मुळीच आवश्यकता नाही. पुस्तक कशाविषयी आहे हे दोन वाक्यांत सांगावे. ते कोणाला आवडेल आणि कोणाला आवडणार नाही, हे निःसंकोच सांगावे. दहावीच्या मुलीला झेपेल की नाही, आजोबांना त्याची अक्षरे वाचता येतील की नाही, हेही सांगण्याजोगे असते. कोणते प्रकरण मनात घर करून राहिले आणि कोठे कंटाळा आला, ते लपवू नये. लेखक, प्रकाशक, किंमत आणि ते कोठे मिळेल ही माहिती द्यावी, कारण पुष्कळदा तेवढ्या एका अडचणीवरून इच्छा विरून जाते. कथा-कादंबरीचा शेवट मात्र स्वतःजवळ ठेवावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शंभर जणांना एकच मजकूर पाठविण्याऐवजी एका माणसाचा विचार करून त्याला एक पुस्तक सुचवावे. नोकरीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या गृहस्थाला, परीक्षेत अपयश आलेल्या तरुणाला, घरातील आजारपणाने दमलेल्या गृहिणीला वेगवेगळे पुस्तक लागेल. ज्याला हे भान आहे त्याचा शब्द मानला जातो.

ऐकणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. कोणी पुस्तक सुचविले आणि ते वाचले, तर तसे त्याला कळवावे. आवडले नसेल तर तेही सौजन्याने सांगावे. सांगणाऱ्याने ते मनाला लावून घेऊ नये. नेलेले पुस्तक परत करणे हा तर या व्यवहाराचा पायाच आहे. मराठी माणूस पुस्तक द्यायला बिचकतो याचे मोठे कारण ते परत येत नाही, हेच असते. कपाटातील दुसऱ्याच्या नावाची पुस्तके शोधून ती एकदा परत केली, तरी अनेक तुटलेले संवाद पुन्हा सुरू होतील.

घरात याची सुरुवात करणे सर्वांत सोपे आणि सर्वांत अवघड. मुलांना ‘वाचा’ असे सांगून ती वाचीत नाहीत. आई-वडील एखादे पुस्तक वाचून त्यावर जेवताना बोलत आहेत, वाद घालीत आहेत, असे त्यांनी पाहिले तर त्यांचे कुतूहल जागे होते. मुलांनी वाचलेले, मग ते चित्रकथांचे का असेना, वडीलधाऱ्यांनी ऐकून घ्यावे. ‘असले काय वाचतोस?’ या एका वाक्याने बंद झालेली दारे पुढे वर्षानुवर्षे उघडत नाहीत. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांना मराठी पुस्तक जड जाते, तेव्हा पहिली काही पाने त्यांना वाचून दाखवावीत. लिपीची भीती गेली की गोष्ट स्वतःच पुढे ओढून नेते. नातवंडे परदेशी असतील तर आजी-आजोबांना हे काम दूरध्वनीवरूनही करता येते आणि अनेक घरांत ते होतही आहे.

शासनाची जबाबदारी यातून सुटत नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याच्या छत्राखाली महाराष्ट्रात हजारो ग्रंथालये आहेत. संख्येने हे वैभव मोठे आहे. पण खेड्यापाड्यांतील ‘क’ आणि ‘ड’ वर्गांच्या ग्रंथालयांत काम करणाऱ्या सेवकाला मिळणारे मानधन घर चालविण्याइतके नसते आणि अनुदानाचे हप्ते वेळेवर येतील याची शाश्वती नसते. ज्याच्या एका प्रश्नाने वाचक घडावा, तो ग्रंथपालच विवंचनेत असेल तर कपाटे नुसती उभी राहतील. २०१५ पासून डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, १५ ऑक्टोबरला, राज्यात वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्या एका दिवशी शाळांत भाषणे होतात, छायाचित्रे निघतात. उरलेल्या ३६४ दिवसांची तरतूद अर्थसंकल्पात आणि त्याहून अधिक समाजाच्या मनात व्हायला हवी. गावच्या वाचनालयाचे सभासदत्व घेणे आणि महिन्यातून एकदा तेथे दहा-पंधरा वाचकांनी जमून वाचलेल्या पुस्तकांविषयी बोलणे, याला शासकीय मंजुरी लागत नाही. सतरंजी आणि तासाभराचा वेळ एवढे भांडवल पुरे.

मराठीला अभिजातपण मिळाले ते तिच्या पूर्वसूरींच्या पुण्याईवर. शिलालेखांनी आणि प्राचीन ग्रंथांनी आपली साक्ष दिली. पुढच्या पिढ्यांसाठी साक्ष द्यावयाची ती आजच्या वाचकांनी. ती मोठ्या समारंभात देता येत नाही. या आठवड्यात कपाटातील एक न वाचलेले पुस्तक काढावे, ते शेवटच्या पानापर्यंत वाचावे, त्याविषयी खरे मत बनवावे आणि ज्याला ते उपयोगी पडेल अशा एका माणसाच्या घरी जाऊन त्याच्या हाती द्यावे. महिन्याभराने ‘कसे वाटले?’ असे विचारायला मात्र विसरू नये.